दुकानांतील नोकऱ्या : पगारपत्रकावर किती, बाहेर किती?

दिवाळी सरली की राज्यातील बाजारपेठांत किती उलाढाल झाली, याचे आकडे झळकू लागतात. पुण्याचा लक्ष्मी रस्ता, दादर, नागपूरची सीताबर्डी येथील गर्दीची छायाचित्रे सोबत असतात. हे आकडे बहुधा व्यापारी संघटनांचे अंदाज असतात. अमेरिकेत किरकोळ विक्रीची सरकारी आकडेवारी दरमहा प्रसिद्ध होते. आपल्याकडे अशी मासिक सरकारी पाहणी नाही. त्यामुळे विक्री, नोकर आणि पगार या तिन्हींचा माग वेगवेगळ्या नोंदींतून काढावा लागतो.

विक्रीसाठी वस्तू व सेवा कराच्या संकलनाकडे बोट दाखवले जाते. त्यात महाराष्ट्र सातत्याने देशात अव्वल आहे. मात्र या संकलनात कारखाने, घाऊक व्यापारी, सेवा देणाऱ्या कंपन्या असे सारेच येतात. उलट वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांपर्यंत असलेल्या बहुतेक दुकानदारांना नोंदणीचीही सक्ती नाही. शिवाय लक्ष्मीपूजन २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला होते, तर २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला. त्यामुळे ऑक्टोबरची तुलना ऑक्टोबरशी करणे फसवे ठरते. त्यातच २२ सप्टेंबर २०२५ पासून अनेक वस्तूंवरील कर घटला. म्हणजे विक्री वाढूनही कर कमी जमा होऊ शकतो.

नोकऱ्यांचे गणित याहून गुंतागुंतीचे आहे. कर्मचारी भविष्यनिर्वाह निधी संघटना २०१८ पासून दरमहा सभासदसंख्येतील निव्वळ वाढ जाहीर करते. ही वाढ म्हणजे 'रोजगारनिर्मिती' असे सर्रास लिहिले जाते. परंतु निधीची सक्ती साधारणतः २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांनाच आहे. एखाद्या दुकानात विसावा नोकर लागला, तर आधीचे एकोणीसही आकडेवारीत 'नवे' दिसतात. आणखी एक मेख अशी, की मनुष्यबळ पुरवठादारामार्फत मॉलमध्ये काम करणारा विक्रेता किरकोळ व्यापारात नव्हे, 'तज्ज्ञ सेवा' या गटात मोजला जातो. मॉलमध्ये दिवसभर कपड्यांच्या घड्या घालणारी मुलगी कागदोपत्री तज्ज्ञ सेवेत!

खरे चित्र असंघटित आस्थापनांच्या राष्ट्रीय पाहणीत उमटते. २०२३-२४ च्या पाहणीनुसार देशभरात निर्मिती, व्यापार व अन्य सेवांतील अशा सुमारे ७ कोटी ३४ लाख आस्थापनांत १२ कोटींहून किंचित अधिक माणसे काम करत होती. मालक व घरची माणसे धरूनही एका आस्थापनेमागे सरासरी दोन जण भरत नाहीत. कोपऱ्यावरचे किराणा दुकान ते हेच.

कायद्याची पकडही आकारानुसार सैल झाली. १९४८ च्या कायद्याखाली लहान दुकानालाही 'गुमास्ता' परवाना लागे. डिसेंबर २०१७ पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्यांना केवळ सूचना देण्यापुरते बांधले. २०२५ मध्ये ही मर्यादा २० वर आणि रोजचे काम नऊवरून दहा तासांवर नेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला.

किमान वेतनाला मात्र कामगारसंख्येची अट नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या वेतन संहितेनुसार वेतनचिठ्ठी देणेही मालकावर बंधनकारक आहे. तीन नोकरांच्या दुकानात ती चिठ्ठी किती जणांच्या हाती पडते, हे वरीलपैकी कोणत्याही मासिक आकड्यात सापडत नाही.