कुत्रा, प्रोस्टेट आणि एका विकराची साक्ष

आज रणांगण नाही, किल्लाही नाही. आज मूत्राशयाच्या खाली बसलेल्या अक्रोडाएवढ्या एका ग्रंथीबद्दल बोलायचं आहे. प्रोस्टेट. आमच्या पलटणीत गोळी कुठे लागली हे सगळे मोकळेपणाने सांगत, पण लघवीचा त्रास सांगायला भलेभले शूर लाजत. माझा एक कोर्समेट असाच दीड वर्ष गप्प राहिला. कंबर दुखते म्हणून शेक घेत बसला. तपासणी झाली तेव्हा रोग हाडांत पोचला होता. त्याच्या कागदांवर पीएसए हा आकडा मी पहिल्यांदा नीट वाचला आणि तो आला कुठून, ते शोधत गेलो.

सुरुवात एका लष्करी सर्जनपासून होते, याचा मला थोडा अभिमान वाटला! जॉन हंटर. १७६१ मध्ये फ्रान्सजवळच्या बेल-ईल बेटावरच्या मोहिमेत तो ब्रिटिश सैन्यासोबत होता. १७८६ मध्ये त्याने लिहून ठेवलं की खच्ची केलेल्या जनावरांत प्रोस्टेट लहान आणि निबर राहते, तिच्यात स्राव फारसा नसतो. बैल शांत होतो हे आपल्या शेतकऱ्यालाही पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. हंटरने आत काय बदलतं तेही पाहिलं.

पुढची शंभर वर्षं ती नोंद पडून राहिली. १८९६ मध्ये पॅरिसच्या कॅमस आणि ग्ले यांनी दाखवलं की उंदरासारख्या कृंतक प्राण्यांत प्रोस्टेटच्या स्रावातला एक विकर, म्हणजे एन्झाइम, वीर्याचा घट्ट गोळा करतो. या ग्रंथीत रासायनिक कामगार आहेत, हे तेव्हा कळलं. पण खरी कहाणी १९३५ची. जर्मनीत कुट्शर आणि वोल्बर्ग्ज यांना माणसाच्या प्रोस्टेटमध्ये अॅसिड फॉस्फटेज हा विकर प्रचंड प्रमाणात सापडला. फॉस्फेट तोडण्याचं त्याचं काम आम्ल द्रवात सर्वांत चांगलं चालतं, म्हणून हे नाव.

लगेच १९३६ मध्ये न्यूयॉर्कला अलेक्झांडर आणि एथेल गटमन या पतीपत्नींनी, एडिथ स्प्राउल यांच्यासह, तोच विकर हाडांतल्या गाठींमध्ये पकडला. हाडात प्रोस्टेटचा विकर कसा? कारण त्या गाठी प्रोस्टेटमधूनच तिथे गेल्या होत्या. १९३८ मध्ये गटमन दांपत्याने रक्तातही त्याची पातळी वाढलेली दाखवली. निरोगी ग्रंथी आपला माल नळीवाटे बाहेर सोडते. पसरलेला कर्करोग तो रक्तात सांडतो. लपलेल्या शत्रूचा पत्ता प्रथमच रक्ताच्या नमुन्यात मिळाला.

आता शिकागो. तिथला चार्ल्स हगिन्स हा मूळचा कॅनडातला, नोव्हा स्कॉशियाचा. त्याने कुत्रा निवडला, त्याला कारण आहे. कुत्र्याला माणसासारखी शुक्राशयं नसतात, त्यामुळे प्रोस्टेटचा रस जवळपास निर्भेळ मिळतो. शिवाय म्हातारपणी प्रोस्टेट वाढण्याचा त्रास माणसाखालोखाल कुत्र्यालाच होतो. वृषणं काढली की स्राव आटतो, टेस्टोस्टेरॉन दिलं की परत येतो, स्त्री-संप्रेरक दिलं की पुन्हा थांबतो. मधूनच एखाद्या कुत्र्याला गाठ निघायची आणि प्रयोग बिघडायचा. हगिन्स आधी वैतागला. मग ध्यानात आलं की वृषणं काढल्यावर गाठीसुद्धा आकसतात. त्यानंतर तो असे कुत्रे मुद्दाम शोधू लागला.

१९४१ मध्ये क्लॅरेन्स हॉजेस या सहकाऱ्यासोबत त्याने हेच रुग्णांवर केलं. हाडांत रोग पसरलेल्या पुरुषांची वृषणं काढली, किंवा त्यांना स्टिलबेस्ट्रॉल दिलं. रक्तातलं अॅसिड फॉस्फटेज उतरलं. टेस्टोस्टेरॉन टोचलं की पुन्हा चढलं. अनेकांच्या वेदना कमी झाल्या. माझ्या भाषेत सांगायचं तर त्याने शत्रूवर हल्ला केला नाही, रसद तोडली. आणि रसद खरंच तुटली का, याची खबर विकराने दिली. कर्करोग संप्रेरकांवर अवलंबून असू शकतो, हे त्या काळी फार धाडसाचं विधान होतं. १९६६ मध्ये त्याला पेटन राऊससोबत नोबेल मिळालं. मात्र बहुतेकांत रोग काही काळाने रसदीवाचूनच जगायला शिकतो आणि परततो. ती लढाई अजून चालू आहे.

पुढे अॅसिड फॉस्फटेज मागे पडलं, कारण रोग पसरेपर्यंत ते बहुधा वाढत नाही. १९७९ मध्ये बफेलोच्या रॉसवेल पार्क संस्थेत प्रोस्टेटमधून पीएसए शुद्ध स्वरूपात वेगळं केलं. हाही विकरच! घट्ट झालेलं वीर्य पुन्हा पातळ करणं, हे त्याचं मूळ काम. अमेरिकेत १९८६ मध्ये उपचारांवर नजर ठेवण्यासाठी आणि १९९४ मध्ये निदानाला मदत म्हणून त्याच्या चाचणीला मंजुरी मिळाली. पण साध्या वाढीनेही, संसर्गानेही हा आकडा चढतो. १९७० मध्ये प्रोस्टेटमधल्या अशा एका प्रथिनाचं वर्णन करणाऱ्या रिचर्ड एब्लिन यांनीच २०१० मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये सरसकट चाचणीविरुद्ध लिहिलं. कित्येक गाठी इतक्या संथ असतात की उपचारच जास्त त्रास देतात. मला त्यांचं पटतं, अर्धं. ज्याला काहीच त्रास नाही त्याने डॉक्टरांशी बोलून ठरवावं. पण कंबर सतत दुखत असताना शेक घेत बसणारा माझा मित्र त्यात मोडत नव्हता.

त्याला संप्रेरक रोखणारी इंजेक्शनं सुरू झाली. हगिन्सचंच काम, सुरीशिवाय. दर तीन महिन्यांनी तो मला फोनवर आकडा कळवायचा, पूर्वी सीमेवरून अहवाल द्यायचा तसा, दोन वाक्यांत. चौथ्या वर्षी आकडा चढू लागला, तेव्हाही फोन आला. त्या दिवशी मात्र आम्ही तासभर बोललो.