दौलतजादा, वन्स मोअर आणि पोस्टकार्ड: नाच पाहून कलाकाराला पत्र कशासाठी लिहायचं?

लावणीचा कार्यक्रम संपतो, लाईट लागतात आणि प्रेक्षक गाडी काढायला धावतात. घरी पोहोचेपर्यंत तीस सेकंदांचा व्हिडीओ स्टेटसला पडलेला असतो. खाली ‘नाद खुळा’ आणि आगीचे चार इमोजी. पण जिने दोन तास घुंगरू बांधून कार्यक्रम रंगवला, तिच्यापर्यंत यातलं काय पोहोचतं? बहुतेक वेळा काहीच नाही. कारण त्या व्हिडीओवर तिचं नावही नसतं.

नाच पाहून कलाकाराला चार ओळींचं पत्र लिहिणं आज जुनाट वाटेल, पण त्यामागचं कारण जुनं झालेलं नाही.

कोल्हापुरात दाद द्यायला लोक कधीच कमी पडले नाहीत. राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ मध्ये इथे पॅलेस थिएटर उभं केलं, तेच आजचं संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह. संगीत नाटकाला ‘वन्स मोअर’, लावणीला शिट्ट्या आणि उडणारे फेटे, आणि प्रयोग संपल्यावर रंगपटात जाऊन नटाला भेटणं, हे सगळं मराठी रसिकांच्या अंगवळणी पडलेलं आहे. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री या नाट्यगृहाला आग लागली, तेव्हा कलाकार आणि प्रेक्षक आपापल्या आठवणी लिहू लागले. इमारत जळाल्यावर जे सुचलं, ते प्रयोग पाहिला त्याच रात्री किती जणांनी कलाकाराला कळवलं असेल?

दौलतजादा म्हणजे नेमकं काय?

तमाशा आणि संगीत बारीत दाद देण्याची ठरलेली रीत म्हणजे दौलतजादा. लावणी आवडली की रसिक पैसे पुढे करतो, नाचणारी जवळ येऊन ते घेते, हवी ती लावणी म्हणून घेण्याची फर्माइशही तिथेच होते. फडात अनेकदा देणाऱ्याचं नाव सगळ्यांसमोर पुकारलं जातं. कलावंतांच्या पोटापाण्याचा मोठा भाग या पैशावर चालत आला, त्यामुळे त्याला सरसकट नावं ठेवणं सोपं असलं तरी बरोबर नाही. एक गोष्ट मात्र खरी. दौलतजाद्यात नाव गाजतं ते पैसे देणाऱ्याचं. पत्रात मायना लिहायचा तर आधी कलाकाराचं नाव माहीत करून घ्यावं लागतं.

दुसरा फरक बारकाव्यांचा. बैठकीच्या लावणीत कलावंत बसूनच चेहरा, डोळे आणि हातांनी अर्थ उलगडते. वाईच्या यमुनाबाई वाईकर (१९१५-२०१८) याच अदाकारीसाठी ओळखल्या जायच्या. त्यांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली. एकाच ओळीवर तीन वेगळे भाव आले, त्यातला कुठला काळजाला लागला, हे शिट्टीतून सांगता येत नाही. कागदावर सांगता येतं.

पत्राची ही रीत जगात एका ठिकाणी फार शिस्तीने पाळली गेली. जपानमधली ताकाराझुका ही फक्त स्त्रियांची नृत्य-नाट्य संस्था १९१३ मध्ये सुरू झाली. तिचा प्रेक्षकवर्गही मुख्यतः बायकांचाच. कलाकार थिएटरमध्ये येताना-जाताना चाहत्या बाहेर रांगेत थांबणार, आपली पत्रं हातात देणार आणि बाजूला होणार, असा प्रकार तिथे कित्येक दशकं चालला. ढकलाढकली नाही, अंगचटीला येणं नाही.

आपल्याकडे नेमका इथेच घोळ होतो. लावणी कलावंताला आलेलं प्रत्येक पत्र कौतुकाचं असेलच असं नाही. फोन नंबर मागणारी, भेटायला बोलावणारी चिठ्ठी म्हणजे दाद नव्हे, त्रास आहे. बाईने स्पष्ट नकार दिल्यावरही संपर्काचा पिच्छा पुरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा ठरू शकतो. तेव्हा पत्रात नाचाबद्दल लिहायचं, दिसण्याबद्दल नाही. उत्तराची अपेक्षा ठेवायची नाही. ढोलकीवाल्याचा तोडा आवडला असेल तर तेही जरूर लिहायचं, त्याच्याकडे तसंही कुणाचं लक्ष जात नाही.

चार ओळींनी फरक काय पडतो?

तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला, तरी त्यांची अखेरची वर्षं हलाखीत गेली. २००२ मध्ये त्यांचं निधन झालं. राज्य सरकार वृद्ध कलावंतांना मानधन देतं. ‘राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजना’ असं तिचं नाव. २०२४ मध्ये ही रक्कम महिना ५,००० रुपये झाली. त्यासाठी किमान १५ वर्षं कलेची सेवा केल्याचे पुरावे जोडावे लागतात. रोज नव्या गावच्या जत्रेत नाचणाऱ्या बाईकडे कसली कात्रणं आणि कसली प्रमाणपत्रं असणार! प्रेक्षकाचं पत्र म्हणजे सरकारी दाखला नव्हे. पण तारीख, गाव, फडाचं नाव आणि सादर केलेली लावणी एवढं लिहिलेला कागद तिच्या पेटीत राहतो. चोवीस तासांनी उडून जाणाऱ्या स्टेटसपेक्षा तो नक्कीच जास्त टिकतो.

पाठवायचं कुठे? नाट्यगृहात प्रयोग असेल तर आयोजक संस्थेकडे किंवा व्यवस्थापकाकडे पाकीट देता येतं. तमाशाचा फड फिरता असतो, दसऱ्यापासून बुद्ध पौर्णिमेपर्यंत त्याचा मुक्काम बदलत राहतो. अशा वेळी फडमालकाच्या नावाने पत्र द्यावं. पुणे जिल्ह्यातलं नारायणगाव हे तमाशाच्या सुपाऱ्या ठरण्याचं मोठं ठिकाण. जत्रांच्या हंगामात तिथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच सुपारी द्यायला येतात. आपल्या गावचे पंच निघाले असतील, तर पत्र त्यांच्याच हाती देणं सगळ्यात सोपं.