परेरा, डेरिक

परेरा, डेरिक : (१९६२– ). भारताचे माजी फुटबॉल बचावपटू आणि क्लब प्रशिक्षक, मूळचे गोव्याचे. खेळाडू म्हणून त्यांचे नाव प्रामुख्याने वास्कोच्या साळगावकर क्लबशी जोडलेले आहे (→ साळगावकर फुटबॉल क्लब). बचावफळीत खेळताना ते भारतीय संघापर्यंत पोहोचले.

प्रशिक्षक म्हणून त्यांची ओळख प्रथम मुंबईत झाली. त्यांच्या मार्गदर्शनाखाली तेथील महिंद्र युनायटेड क्लबने २००५–०६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. स्पर्धेच्या त्या दहाव्या हंगामापर्यंत विजेतेपद पंजाब, बंगाल व गोवा येथील क्लबांकडेच राहिले होते. महाराष्ट्राकडे ते प्रथमच आले. ही लीग २००७ मध्ये आय-लीग झाली (→ आय-लीग), तर महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद पडला. तत्पूर्वीच, २००९ मध्ये, परेरांनी पुणे एफसीची सूत्रे घेतली होती. आय-लीगमधील पहिल्याच हंगामात हा संघ तिसरा, तर २०१२–१३ मध्ये चर्चिल ब्रदर्सपाठोपाठ दुसरा आला. क्लबची ही सर्वोच्च कामगिरी ठरली. पुढे साळगावकर, डीएसके शिवाजीयन्स व चर्चिल ब्रदर्स हे संघ त्यांनी सांभाळले.

२०१९ मध्ये आशियाई २३ वर्षांखालील स्पर्धेच्या पात्रता फेरीसाठी ते भारतीय संघाचे प्रशिक्षक होते. एफसी गोवामध्ये त्यांनी तांत्रिक संचालकपद भूषविले (→ इंडियन सुपर लीग). मुख्य प्रशिक्षक हुआन फेरांदो हंगाम अर्ध्यावर सोडून गेल्यावर, डिसेंबर २०२१ मध्ये त्यांनी त्याच संघाचे मुख्य प्रशिक्षकपद स्वीकारले.