महादेवाच्या दऱ्या आणि नागपूरचे दप्तर

पचमढीला गेलेल्या प्रवाशाला एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते. १८५७ साली कॅप्टन फॉर्सिथ नावाचा इंग्रज अधिकारी फौज घेऊन झाशीकडे निघाला होता, वाटेत त्याची नजर या पठारावर पडली आणि पचमढीचा 'शोध' लागला. पर्यटनाच्या पुस्तिका ही गोष्ट छापतात, जीपचे चालक ती सांगतात आणि नागपूर-अमरावतीहून गेलेली कुटुंबे ती घरी घेऊन येतात. वास्तविक या दऱ्यांविषयीचे बरेचसे जुने कागद नागपूरच्या राज्यकारभारातूनच निघालेले आहेत. ते तारखेवार लावून पाहिले की या 'शोधा'ला जागाच उरत नाही.

आधी जमीन पाहू. नागपूरहून छिंदवाड्यामार्गे साधारण अडीचशे किलोमीटरवर महादेव डोंगरांची रांग आहे. पचमढीचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १०६७ मीटर उंच आणि त्याच्या कडेचे धूपगड शिखर १३५२ मीटर. सातपुड्यात याहून उंच शिखर नाही. आपल्या ओळखीचा दख्खनचा काळा कातळ या पठारावर नाही. येथे जाड थरांचा वालुकाश्म आहे, तोही ट्रायसिक काळातला, म्हणजे वीस कोटी वर्षांहून जुना. या खडकाला उभ्या भेगा आहेत. पावसाचे पाणी भेगेत शिरते, ती खोल करत जाते आणि दोन्ही बाजूंच्या भिंती उभ्याच्या उभ्या राहतात. म्हणून येथील दऱ्या वर अरुंद, खाली अंधाऱ्या आणि काठावर पाय ठेवीपर्यंत न दिसणाऱ्या आहेत. स्थानिक लोक अशा दरीला 'खोह' म्हणतात. त्यांतली प्रसिद्ध हांडी खोह सुमारे शंभर मीटर खोल आहे.

आसपासच्या खोहांचे पाणी देनवा नदीत जाते. देनवा पठाराला वळसा घालून उत्तरेकडे उतरते, तवेला मिळते आणि तवा नर्मदेला. पूर्वेला, छिंदवाडा जिल्ह्यात तामियाजवळ, पाताळकोट आहे. घोड्याच्या नालेसारखी ही दरी बाराशे ते पंधराशे फूट खोल असून तिचे पाणी दुधी नदीवाटे नर्मदेला जाते. तिच्या तळाशी भारिया आणि गोंडांची बारा गावे आहेत. वार्षिक पावसाचा आकडाही ध्यानात ठेवावा. नागपुरात सरासरी अकराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर पचमढीत सुमारे दोन हजार. पुढे १८१८ सालच्या घटना समजून घेताना हा आकडा कामी येईल.

आता पहिला कागद, म्हणजे खुद्द जेम्स फॉर्सिथचे पुस्तक. मध्य भारताच्या उंच प्रदेशावरचे त्याचे हे पुस्तक १८७१ साली लंडनमध्ये निघाले. त्यात पचमढीच्या स्वारीचा काळ दिला आहे तो जानेवारी १८६२. नोव्हेंबर १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला, नागपूर त्याची राजधानी झाली आणि नव्या सरकारला आपल्या ताब्यात कोणते जंगल, किती सागवान, किती साल आहे ते मोजायचे होते. रेल्वे येऊ घातली होती, स्लीपरांना लाकूड हवे होते. त्या मोजणीसाठी फॉर्सिथ वर चढला आणि त्याने 'बायसन लॉज' बांधले. पठार ओसाड होते असे तो कुठेही लिहीत नाही. तेथे कोरकू ठाकूर होता, त्याची माणसे होती, महादेवाची स्थाने होती आणि यात्रेकरूंच्या वाटा होत्या. हांडी खोहची दंतकथाही त्याने लिहून ठेवली आहे. पूर्वी तेथे तळे होते, त्यात महाकाय सर्प माजला होता, महादेवाने त्याला कड्यांमध्ये कोंडले आणि तळे आटले. फॉर्सिथला ही कथा सांगायला माणसे तेथे आधीच होती, इतके तरी या एका नोंदीवरून निश्चित होते.

त्याच्या चारच वर्षे आधीचा इतिहास त्याच मुलखात ताजा होता. १८५८ च्या ऑक्टोबरअखेर तात्या टोपे नर्मदा ओलांडून दक्षिणेला उतरला तो याच सातपुड्यात, आणि मुलताईपर्यंत पोहोचला. त्याचा रोख नागपूरकडे होता. त्यानंतर हर्राकोटचा कोरकू जहागीरदार भभूतसिंह याने देनवेच्या खोऱ्यात इंग्रजी पलटणींना झुंजवले. बंड मोडल्यावर त्याची जहागीर जप्त झाली आणि त्या जमिनीवरचे बोरीचे जंगल १८६५ साली राखीव झाले. भारतातल्या सर्वांत जुन्या राखीव जंगलांत बोरीची गणना होते. वनखात्याच्या इतिहासात ही तारीख वनरक्षणाचा आरंभ म्हणून येते. जप्तीचा हुकूम तिच्या शेजारी ठेवला की जंगल सरकारकडे कसे आले तेही कळते. मध्य प्रदेश सरकारने जून २०२५ मध्ये पचमढीत मंत्रिमंडळाची बैठक घेतली ती याच भभूतसिंहाच्या स्मरणार्थ.

आणखी मागे गेले की नागपूरच्या भोसल्यांचे प्रकरण येते. येथे कागद भरपूर आहेत. रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्सचा पत्रव्यवहार, व्हॅलेंटाइन ब्लॅकरने १८२१ मध्ये छापलेला लष्करी वृत्तान्त, एच. टी. प्रिन्सेपचा इतिहास आणि एच. एन. सिन्हा यांनी नागपुरात संपादित केलेले नागपूर रेसिडेन्सीच्या कागदांचे खंड. हे सारे विजेत्यांच्या बाजूचे लिखाण आहे, त्यामुळे हेतू आणि दोष यांच्याबाबत ते जपून वाचावे लागते. तारखा, मुक्काम आणि फौजांच्या हालचाली यांबाबत मात्र त्यांचा चांगला उपयोग होतो, कारण सेनाधिकाऱ्यांना त्या वरिष्ठांना कळवाव्याच लागत.

त्यांतून उभा राहणारा क्रम असा. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी सीताबर्डीची लढाई झाली. हरलेल्या आप्पासाहेब भोसल्यांना जानेवारीत कडक अटींवर गादीवर ठेवले गेले, आणि मार्च १८१८ मध्ये जेन्किन्सने त्यांना कैद केले. मे महिन्याच्या आरंभी पहाऱ्यात त्यांची उत्तरेकडे रवानगी झाली. जबलपूरच्या अलीकडे रायचूर नावाच्या मुक्कामी, १३ मेच्या सुमारास, पहाऱ्यातल्या काही शिपायांना फितवून ते रात्रीच निसटले. त्यांनी अंगावर शिपायाचा वेष चढवला होता. तेथून ते महादेव डोंगरांत आले. हर्राईचा गोंड ठाकूर चैनशाह आणि इतर डोंगरी जहागीरदारांनी त्यांना आसरा दिला. अरब शिपाई येऊन मिळाले, आणि पेंढारी सरदार चितूही काही काळ त्यांच्याबरोबर होता.

नागपुरात बळकट फौज, होशंगाबादेत कर्नल अ‍ॅडम्सची छावणी, आणि दोहोंच्या मध्ये डोंगरांचा एक पट्टा. मग पदच्युत राजा त्यात मे १८१८ ते फेब्रुवारी १८१९, जवळजवळ नऊ महिने, टिकला कसा? पाताळकोटात याचे उत्तर भुयाराने दिले जाते. भोसले राजे पचमढीहून भुयारातून दरीत उतरले, असे तेथे सांगतात. कागदांतल्या तारखा आणि जमिनीचा उतार एकत्र मांडले तर भुयाराची गरजच पडत नाही. आप्पासाहेब डोंगरांत शिरले आणि महिन्याभरात पावसाळा लागला. दोन हजार मिलिमीटर पावसात देनवा, तवा आणि दुधी यांना पूर येतात, खोहांतून जाणाऱ्या वाटा बंद होतात, तोफा आणि बैल वर चढत नाहीत. खालच्या मुलखात उतरलेल्या छोट्या तुकड्यांचे काय होते तेही त्याच पावसाळ्यात दिसले. जुलै १८१८ मध्ये कॅप्टन स्पार्क्स सुमारे शंभर शिपायांसह बैतूलजवळ वेढला गेला आणि मारला गेला. मुलताईही काही दिवस आप्पासाहेबांच्या माणसांकडे होती. अरबांचा आणि गोंडांचा हा जोर ओसरेपर्यंत इंग्रजांनी डोंगरात खोल शिरण्याचे टाळले. रस्ते वाळल्यावर हिवाळ्यात निरनिराळ्या वाटांनी फौजा डोंगराकडे निघाल्या, आणि फेब्रुवारी १८१९ मध्ये अ‍ॅडम्स पचमढीवर चढला तेव्हा आप्पासाहेब पश्चिमेला निघून गेलेले होते.

पुढचे थोडक्यात. चितूला असीरगडाजवळच्या जंगलात वाघाने मारले. असीरगड ९ एप्रिल १८१९ रोजी इंग्रजांच्या हाती आला, पण आप्पासाहेब तेथेही सापडले नाहीत. पंजाबात आणि पहाडी संस्थानांत फिरून ते अखेर जोधपूरला गेले आणि १८४० मध्ये तेथेच वारले. चैनशाह मात्र पकडला गेला. त्याचा शेवट चांद्याच्या तुरुंगात झाला. आश्रय घेणाऱ्यापेक्षा आश्रय देणाऱ्याने जास्त किंमत मोजली, आणि नागपूरच्या इतिहासात त्याचे नाव एखाद्या ओळीपुरतेच येते.

या प्रकरणातून आपल्या मूळ प्रश्नाचेही उत्तर मिळते. १८१९ साली कंपनीची फौज पचमढीच्या पठारावर उभी होती. तेव्हा १८५७ किंवा १८६२ साली ते पठार इंग्रजांनाही नवे नव्हते.

त्या फौजेच्याही आधी वर चढणारे लोक होते यात्रेकरू. ठगांच्या बंदोबस्तासाठी प्रसिद्ध असलेल्या विल्यम स्लीमनने १८४४ च्या आपल्या प्रवासग्रंथात या डोंगरांतल्या वार्षिक जत्रेविषयी एक भीषण गोष्ट लिहिली आहे. मूल होत नसलेली बाई पहिला मुलगा महादेवाला वाहण्याचा नवस करी, मुलगा वयात आल्यावर त्याला ते सांगितले जाई, आणि तो जत्रेत चार-पाचशे फूट उंच कड्यावरून स्वतःला झोकून देई. असे किती वेळा घडले हे या मजकुरावरून ठरवता येत नाही. जत्रा मोठी होती, दूरदूरहून लोक येत होते आणि येथील कडे त्यांच्या श्रद्धेचा भाग होते, हे मात्र ठरवता येते. पुढे १८६५ साली या जत्रेतून पटकी पसरली आणि सरकारने यात्रेवर बंधने आणली. म्हणजे सरकारी दप्तरात यात्रेकरू आले ते बहुधा रोगाचे कारण म्हणून किंवा कराचे साधन म्हणून.

त्यांच्या मागे गोंडांची स्वतःची कथा आहे. ती आपल्यापर्यंत पोहोचली ती नागपूरच्या मिशनरी स्टीफन हिस्लॉपमुळे. दगड, जीवाश्म आणि माणसे या तिन्हींचा अभ्यास करणारा हा माणूस ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटजवळ ओढ्याच्या पुरात बुडून मेला. त्याचे कागद रिचर्ड टेंपलने १८६६ साली नागपुरात छापले. त्यांत गोंडांच्या परधान गायकाकडून उतरवून घेतलेले लिंगोचे गीत आहे. महादेव गोंडांना गुहेत कोंडतो, तोंडावर शिळा ठेवतो, आणि लिंगो त्यांना सोडवतो. कथेतली कचीकोपा लोहागडाची ती गुहा म्हणजे पचमढीची बडा महादेव गुहा, असे अनेक गोंड मानतात. कथेवरून तारीख काढता येत नाही. या दऱ्यांशी एका समाजाने आपला जन्म जोडला होता, एवढे तिच्यावरून नक्की म्हणता येते.

सर्वांत जुना दस्तऐवज खडकावर आहे आणि त्याचे पहिले व्यवस्थित वाचनही नागपूरच्या खाती जमा आहे. जी. आर. हंटर यांनी १९३० च्या दशकात महादेव डोंगरांतल्या जंबुद्वीप खोऱ्यात 'डोरोथी डीप' या शैलाश्रयात उत्खनन केले आणि त्याचे अहवाल नागपूर विद्यापीठाच्या नियतकालिकात १९३५-३६ मध्ये छापले. वरच्या थरांत खापरे मिळाली. त्याखालच्या थरांत खापरे नव्हती, फक्त बोटाच्या पेराएवढी दगडी हत्यारे होती. त्याच सुमारास डी. एच. गॉर्डन यांनी येथील शैलचित्रांची नोंद केली. त्यांत धनुर्धारी आहेत, घोडेस्वार आहेत, आणि कड्यावरच्या पोळ्यातून मध काढणारी माणसेही आहेत. चित्रे वेगवेगळ्या काळांतली आहेत. घोडेस्वार अर्थातच उशिराचे. मडकी घडवायला लागण्यापूर्वीपासून माणूस या दऱ्यांत राहत होता, एवढे या थरांवरून सिद्ध होते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. डोंगर मध्य प्रदेशात राहिले, विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, आणि नागपूरच्या सरकारची उन्हाळी राजधानी असलेली पचमढी विदर्भाच्या दृष्टीने परराज्यात गेली. यात्रा मात्र सीमेला जुमानत नाही. महाशिवरात्रीला विदर्भातले भक्त खांद्यावर त्रिशूळ घेऊन जुन्नारदेवच्या पहिल्या पायरीपासून भुराभगतमार्गे चौरागड चढतात. नागपंचमीच्या आगेमागे, ऐन पावसात, नागद्वारची वाट काही दिवस उघडते आणि नागपूरची मंडळे दरीत लंगर लावतात. १८१८ च्या पावसाळ्यात सैन्य थांबले, त्याच दिवसांत हे लोक महादेवाची गाणी म्हणत उतरतात आणि चढतात.

तेव्हा निर्णय स्पष्ट आहे. १८६२ हे साल जंगलाच्या मोजणीचे, फार तर थंड हवेच्या ठिकाणाच्या उभारणीचे. त्याला शोधाचे साल म्हणणे कागदांना धरून नाही, आणि १८५७ तर फॉर्सिथच्याच पुस्तकाला धरून नाही. आता उणीव आहे ती यात्रेकरूंच्या बाजूच्या लिखाणाची. ते मंडळांच्या जमाखर्चाच्या वह्यांत, जुन्या पत्रकांत आणि आजीच्या हस्ताक्षरातल्या गाण्यांच्या कागदांत घरोघरी पडून आहे. आपल्या घरी असे काही असेल तर रद्दीत घालू नका. त्यावर साल आणि गाव लिहा, आणि त्याची एक प्रत विदर्भ संशोधन मंडळासारख्या संस्थेकडे पोहोचवा.