सहस्रकुंड

महाराष्ट्रातील पैनगंगा नदीवरील धबधबा व त्याभोवतीचे उघडे कातळपात्र. येथे नदी यवतमाळ व नांदेड जिल्ह्यांची, म्हणजेच विदर्भ व मराठवाड्याची सीमा आहे. यवतमाळच्या काठावर उमरखेड तालुक्यातील मुरली, तर नांदेडच्या बाजूला किनवट तालुक्यातील इस्लापूर ही जवळची गावे. उमरखेडकडून ढाणकी, बिटरगाव मार्गे येथे येता येते. ढाणकीच्या पुढील जंगलपट्टा स्थानिक बोलण्यात ‘बंदी भाग’ म्हणून ओळखला जातो. पैनगंगा अभयारण्य याच परिसरात असून त्यात सागाची झाडे विपुल आहेत.

भूरचना : नदीपात्रातील काळा कातळ दख्खनच्या बेसाल्टचा असून तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून बनला आहे. लाव्हा थंड होताना आकसतो व त्याला उभ्या-आडव्या भेगा पडतात. पुराचे पाणी या भेगांत घुसून कातळाचे ठोकळे सैल करते आणि उचलून नेते. कातळाची कड अशी तुटत गेली की धबधबा हळूहळू उगमाच्या दिशेने मागे सरकतो. भोवऱ्यात सापडलेले गोटे एकाच जागी गरगर फिरून खडक कोरतात व रांजणखळगे तयार होतात. पाणी ओसरल्यावर अशा खळग्यांच्या तळाशी झिजून गुळगुळीत झालेले गोटे उरतात.

अमेरिकेतील यूटा राज्यात ‘डेलिकेट आर्च’ या कमानीकडे जाणारी पायवाटही अशाच उघड्या खडकावरून जाते. मात्र तो खडक वालुकाश्म आहे. पाणी मुरून व गोठून वाळूचे कण बांधून ठेवणारे द्रव्य सैल करते, खडक कणाकणाने झडतो आणि गोलसर उतार व कमानी घडतात. बेसाल्ट भेगांवरून तुटत असल्याने पैनगंगेत पायऱ्या, कडे व घळी दिसतात.

पदभ्रमण : सकाळी येऊन संध्याकाळी परतता येते. पावसाळ्यात धबधबा काठावरूनच पाहावा लागतो. उन्हाळ्यात धार आटते आणि काळा खडक तापतो. त्यामुळे कातळावरून हिंडायला पावसाळ्यानंतरचे पहिले काही महिने सोयीचे. कोरडा बेसाल्ट पायाला चांगली पकड देतो, पण ओल्या जागी शेवाळावरून पाय घसरतो. वरच्या अंगाला पुसद तालुक्याच्या सीमेवर इसापूर धरण आहे. तेथून विसर्ग सुरू झाल्यास सहस्रकुंडला पावसाचा थेंब नसतानाही पाणी वाढू शकते. म्हणून पात्रात उतरण्याआधी गावात चौकशी करणे आवश्यक ठरते. अभयारण्याच्या हद्दीत वनविभागाचे नियम लागू होतात. नांदेडच्या काठावर महादेवाचे मंदिर आहे.

परिसर : पैनगंगा बुलडाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावते. सहस्रकुंडनंतर माहूरचा परिसर व गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेले उनकेश्वर तिच्या वाटेवर येतात. पुढे खडक बदलतो : झरी जामणी तालुक्यातील मुकुटबनच्या बाजूला बेसाल्टहून कितीतरी जुना चुनखडक आहे. त्यावर तेथे सिमेंट उद्योग उभा राहिला असून हा चुनखडक ज्या खडकसमूहात मोडतो, त्याला भूशास्त्रात या नदीवरूनच ‘पैनगंगा समूह’ म्हणतात. वणी तालुक्यात जुगादजवळ पैनगंगा वर्धा नदीला मिळते.