दौऱ्यावरचा आवाज

कलेचा इतिहास लिहितांना आपण कलावंतांचीं नांवें स्मरतों. त्यांचा आवाज ज्या यंत्रांनीं श्रोत्यांपर्यंत पोहोंचविला, त्यांची वास्तपुस्त सहसा घेत नाहीं. 'बीटल्स' या इंग्रज गायकचतुष्टयाचा इतिहास मात्र यंत्रांवांचून सांगतां येत नाहीं.

१५ ऑगस्ट १९६५ रोजीं न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्यें सुमारें ५५,००० श्रोत्यांपुढें ते गायिले. वाद्यांसाठीं १०० वॅटचे ध्वनिवर्धक होते. कंठस्वर मात्र मैदानावरील घोषणांच्या कर्ण्यांवर सोंपविला होता. गायकास स्वतःचा आवाज ऐकविणारे कर्णे रंगमंचावर नव्हते. आरोळ्यांत सूर बुडाले. ड्रम वाजविणारा रिंगो स्टार सोबत्यांच्या हालचाली पाहून ताल धरी. ज्यास आपलेंच गाणें ऐकूं येत नाहीं, त्यानें तें सुधारावें कसें?

२९ ऑगस्ट १९६६ रोजीं सॅनफ्रान्सिस्को येथें त्यांचा शेवटचा दौरा संपला. कारणें अनेक होतीं. हें त्यांतील एक. त्यानंतर लंडनच्या ॲबे रोडवरील ध्वनिमुद्रणगृहांत, चुकलेला सूर पुन्हां गाण्याची मुभा असतांना, त्यांनीं १९६७ सालचें 'सार्जंट पेपर' सिद्ध केलें.

१९७४ सालीं 'ग्रेटफुल डेड' या अमेरिकन संघानें कर्ण्यांची भिंतच आपल्या पाठीशीं उभारली. श्रोत्यांस ऐकूं येई तेंच गायकांसही येऊं लागलें. परंतु ती गांवोगांव वाहून नेण्याचा खर्च झेपेना, व त्याच वर्षीं ती मोडावी लागली. मुद्रणगृहांतील यंत्रानें खरें ऐकविलें म्हणजे पुरे; दौऱ्यावरील यंत्रास त्याबरोबर प्रवासही सोसावा लागतो.