दूरध्वनीचें केंद्र कोणाचें?

मुंबई शहरांत टेलिफोनचें पहिलें केंद्र १८८२ सालीं सुरू झालें. तेव्हांपासून आजतागायत या शहरानें दूरध्वनीचीं अनेक रूपें पाहिलीं. परंतु त्यांचा इतिहास लिहिणारे बहुधा यंत्रांचा इतिहास लिहितात, मालकीचा लिहीत नाहींत. आमच्या मतें खरा विषय मालकीचाच आहे. घरांतला टेलिफोन म्हणजे केवळ तोंड आणि कान. कोणास कोणाशीं जोडावयाचें हें केंद्रांत ठरतें, आणि ज्याच्या हातीं केंद्र त्याच्या हातीं संभाषण.

अमेरिकेंत ऑल्मन स्ट्रोजर नांवाचा अंत्यविधीचा व्यवसाय करणारा एक गृहस्थ होता. केंद्रांतील बाई आपलीं गिऱ्हाइकें प्रतिस्पर्ध्याकडे वळविते असा त्यास संशय आला, असें सांगतात. त्या संशयांतून त्यानें माणसावांचून जोडणी करणारें यंत्र योजिलें आणि १८९१ सालीं त्याचें पेटंट मिळविलें. संशय खरा होता कीं खोटा हें सोडून देऊं; केंद्र परक्याच्या हातीं असलें म्हणजे तो यावयाचाच.

मुंबईंत आरंभीं हें केंद्र खाजगी कंपनीचें होतें. १८८५ च्या तार कायद्यानें तार आणि तिच्याबरोबर टेलिफोन यांचा सर्वाधिकार सरकारकडे ठेविला, व कंपनी सरकारी परवान्यानें चाले. १९४३ सालीं सरकारनें मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील कंपन्या ताब्यांत घेतल्या. १९८६ त महानगर टेलिफोन निगम आलें. मालक बदलले, गिऱ्हाईक मात्र रांगेंतच उभें राहिलें. टेलिफोनसाठीं अर्ज करून वर्षानुवर्षें वाट पाहणें हा मध्यमवर्गीय जीवनाचा भागच होता. गिरगांवच्या चाळींत एखाद्याच बिऱ्हाडीं टेलिफोन असे, आणि बाकीचे आपल्या पत्त्याखालीं त्याचाच क्रमांक देऊन पुढें ‘पी. पी.’ हीं अक्षरें लिहीत. त्या घरच्या मुलानें कठड्यावरून हांक मारावी, पलीकडच्याचे पैसे वाया जात असतां इकडच्यानें जिना चढत धांवत यावें, असा क्रम चाले. एका अर्थीं चाळीनें आपलें लहानसें केंद्रच उभारलें होतें. त्यास परवाना नव्हता आणि भाडेंही नव्हतें. सी-डॉट या १९८४ त निघालेल्या सरकारी संस्थेनें देशी केंद्रें घडविलीं तीं खेड्यापाड्यांस फार उपयोगी पडलीं. परंतु त्यांचे आराखडेही परवानाधारक कारखानदारांपुरतेच होते.

खरी फारकत झाली ती १९९९ सालीं, आणि तीही दूर अलाबामांतील हंट्सव्हिल गांवीं. मार्क स्पेन्सर या तरुणाचा लिनक्स वापरणारांस साहाय्य देण्याचा लहानसा धंदा होता. कचेरीस टेलिफोनचें केंद्र हवें होतें, विकत घेण्याची ऐपत नव्हती. म्हणून त्यानें तें साध्या संगणकावर चालणाऱ्या आज्ञावलीच्या रूपानें स्वतःच लिहिलें, आणि ‘ॲस्टेरिस्क’ या नांवानें मूळ संहितेसह सर्वांस खुलें केलें. ज्यास हवें त्यानें वापरावें, बदलावें. मात्र बदललेलें दुसऱ्यास देतांना संहिता लपवूं नये, एवढीच अट. ही अट रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ त आरंभिलेल्या ग्नू चळवळीची देणगी होय. आवाजाचे सेकंदास पन्नासएक तुकडे करून ते पाकिटांसारखे इंटरनेटवरून धाडावयाचे, आणि पलीकडे पुन्हां जुळवावयाचे, हें या नव्या टेलिफोनचें मर्म. पूर्वीं ज्या कामास कपाटाएवढें यंत्र आणि कंपनीचा माणूस लागे, तें आतां परळ-लालबागच्या गिरण्यांच्या जागीं उभ्या राहिलेल्या कचेऱ्यांतून कोपऱ्यांतला एक संगणक करूं शकतो.

संहिता मोकळी झाली म्हणून वाट मोकळी झाली असें मात्र नाहीं. १९९९ च्याच राष्ट्रीय दूरसंचार धोरणानें इंटरनेटवरील टेलिफोनला तूर्त मनाई केली. परदेशी संभाषणाची मक्तेदारी तेव्हां विदेश संचार निगमाकडे होती, व त्याचें मुख्य ठाणें मुंबईच्या कोट भागांतच होतें. ती मक्तेदारी आणि ही मनाई १ एप्रिल २००२ या एकाच दिवशीं उठली. यास योगायोग म्हणणें आम्हांस कठीण जातें. अनुमति मिळाली तीही चमत्कारिक. गिरगांवांतील संगणकावरून न्यूजर्सीतल्या टेलिफोनवर बोलावें, दादरच्या टेलिफोनवर बोलूं नये! परवानाशुल्क भरणाऱ्या कंपन्यांचें उत्पन्न बुडतें, गुन्ह्याच्या तपासांत संभाषणाचा माग लागत नाहीं, हें सरकारचें म्हणणें अगदींच पोकळ होतें असें आम्ही म्हणत नाहीं. पण सोळा वर्षें, म्हणजे २०१८ पर्यंत, हें बंधन टिकावें इतकें तें भरींवही नव्हतें. इंटरनेटवरील आवाज व सार्वजनिक तारेवरील आवाज खाजगी केंद्रांतही एकमेकांस शिवूं नयेत, असें सोंवळें निराळेंच होतें. कॉल सेंटरांपुरतें तें २०२० व २०२१ सालीं बरेंच सैल झालें. १८८५ च्या कायद्याची जागा घेणारा कायदा तर २०२३ त झाला.

मालकीचा प्रश्न पोथींतला नव्हे, हें स्काइपनें दाखविलें. २००३ त निघालेल्या या सेवेवर परदेशीं मुलें असलेल्या कितीतरी मराठी घरांच्या भेटीगांठी चालत. तिची संहिता बंद होती. ती ईबेकडे गेली, पुढें मायक्रोसॉफ्टकडे गेली, आणि ५ मे २०२५ रोजीं मालकानें ती बंद केली. वापरणारांस कोणी विचारलें नाहीं. ॲस्टेरिस्क पोसणारी डिजियम कंपनीही २०१८ त कॅनडांतील सँगोमास विकली गेली; परंतु ज्यांच्या संगणकावर तें केंद्र चालत होतें त्यांचें तें तसेंच चालत राहिलें, कारण संहिता त्यांच्यापाशीं होती. आज गिरगांवांतील आजी अमेरिकेंतल्या नातवाशीं बोलते ती बहुधा व्हॉट्सॲपवरून. त्याचें केंद्र कोठें आहे हें तिला ठाऊक नसतें, आणि नातू हीच विद्या शिकून तेथें गेलेला असला तरी, त्या केंद्राची संहिता उघडून पाहण्याची सोय त्यालाही नाहीं.